तेसफायेचा उपास

परीक्षांचा मोसम आला की लोकांना म्हणे शाईचा वास आठवतो, कोऱ्या उत्तरपत्रिकेचा आठवतो. मला आंबलेल्या ज्वारीच्या पिठाचा वास येतो. हे जरा विचित्र आहे हे मलाही कळतं, पण नाकाला कोण समजावणार? एप्रिल चढायला लागतो, दुपारी बारालाच रस्ते सुने पडतात, वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी जिन्यात येरझाऱ्या घालत काहीबाही पाठ करू लागते. तेवढ्यात तो आंबूस, जरासा उग्र वास माझ्या नाकाशी येऊन उभा राहतो आणि मन एकदम हरखून जातं. छातीत धडधडायला लागतं. ही धडधड परीक्षेची नाही. कोंबडा कधी आरवतो याची वाट बघतानाची आहे.

या वर्षी तर तो वास खराखुरा आहे. बदलापूरच्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात पातेलं झाकून ठेवलंय. आई गेल्या महिन्यात गॅलरीत तुळशीला पाणी घालताना घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. या वयात हाड आपल्या सवडीने जुळतं. तोवर तिला भरवावं लागतं, आणि जिने जन्मभर दुसऱ्यांना वाढलं त्या बाईला भरवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं आहे. दोन-तीन घास झाले की तोंड फिरवते. "बास. मी काय तान्ही आहे का?" परवा मी वैतागून विचारलं, "मग खायचंय तरी काय तुला?" खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "त्या मुलाची आंबोळी कर."

कुठला मुलगा ते तिने सांगितलं नाही. मलाही विचारावं लागलं नाही. मी मुकाट्याने ज्वारीच्या पिठाचा डबा काढला.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो. पूर्वेला, कारखान्यांत काम करणाऱ्यांची तीन मजली सोसायटी, वर मोठी गच्ची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाबा एका कारखान्यात अधिकारी होते, आणि मी उल्हासनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते. रोज कपड्यांना ॲसिडची भोकं पाडून घरी यायचं आणि आईची बोलणी खायची, असं एकंदर शिक्षण चाललं होतं.

आमच्या कॉलेजात त्या वर्षांत आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी होते. सुदानचे, केनियाचे, इथिओपियाचे, शिष्यवृत्तीवर आलेले. आमच्या विभागप्रमुख लालवानी मॅडमनी त्यांच्यासाठी एक रीतच पाडली होती. शनिवारचं प्रॅक्टिकल संपलं की त्यांच्यापैकी एकाने आपल्या गावाबद्दल काहीतरी सांगायचं, गायचं, दाखवायचं. एकदा केनियाच्या मुलीने आम्हाला एक गाणं शिकवलं, तेव्हा सगळी लॅब चंचुपात्रांवर काचेच्या कांड्या वाजवत गात होती आणि लॅबचे शिपाई कपाळावर हात मारून घेत होते. पण मॅडमची खरी रीत वेगळीच. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला त्या वर्गातल्या कुणाचं तरी घर जोडून द्यायच्या.

"पुस्तक लायब्ररी देगी, केमिकल मी देईन," त्या म्हणायच्या. "पण जेवायला एक घर पाहिजे ना बाबा? आम्ही सिंधमधून इथल्या कॅम्पात आलो, बराकीत राहायचो, तेव्हा माझी अम्मा कितीतरी महिने एकच विचारायची. कोकी बनाऊँ तो खाऊँ किसके साथ? रोटी मिळत होती गं. सोबत नव्हती."

आमच्या वाट्याला तेसफाये आला. इथिओपियाचा, माझ्याच वर्गातला. ताडमाड उंच, बोलणं मात्र इतकं हळू की आई पहिल्या दिवशी म्हणाली, याला ताप आहे का बघ. वडीलधारं माणूस खोलीत आलं की हा उठून उभा. काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचा, मग ती पाण्याची वाटी का असेना. उल्हासनगरच्या बाजारात हिंदी शिकला होता, आमच्या घरी मराठी, आणि दोन्ही एकाच वाक्यात कालवायचा. पण ते तर आम्हीही करायचो. आईला तो दुसऱ्याच रविवारी 'आई' म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या घरात चांगला तुकडा त्याला आणि कडेचा मला, असा नियम झाला.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका रविवारी त्याने जेवायला नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाला, "उपास." त्यांच्या ईस्टरच्या आधी जवळजवळ दोन महिने चालतो, दुपार टळेपर्यंत पोटात काही घालायचं नाही, मग उपासाचंच खायचं. घर सोडताना त्याने आईला शब्द दिला होता की कुठेही असलो तरी हा उपास मोडणार नाही.

झालं! माझ्या आईला काय आनंद झाला म्हणून सांगू. आमच्या घरात मी आणि बाबा दोघंही उपासाच्या दिवशी सकाळीच चोरून पोहे खाणारे. इथे परमुलखातलं एक पोर परीक्षेच्या दिवसांत दोन महिने उपास करतंय! तिने ही बातमी पाणी भरायच्या वेळी खाली सांगितली आणि संध्याकाळपर्यंत सोसायटी कामाला लागली. कुणी साबुदाण्याची खिचडी, चांगली तुपावर परतलेली. कुणी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, वरून साजूक तूप. कुणी दही, कुणी राजगिऱ्याचे तुपातले लाडू, कुणी केळ्याचं शिकरण. रोज सकाळी माझ्या जर्नलच्या पिशवीत दोन-तीन डबे. मी ते कॉलेजात तेसफायेच्या हातात द्यायचे, तो ते दोन्ही हातांनी घ्यायचा, मान लववायचा, आणि हसायचा.

आणि वाळत चालला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. "अभ्यास फार करतो," आई म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी खिचडीत एक चमचा तूप जास्त पडायचं.

मग एका संध्याकाळी दारात उस्मान उभा राहिला. उस्मान सुदानचा, एम.कॉम.चा, बराकीतल्या खोलीत तेसफायेच्या सोबतीला राहणारा. हातात आमच्या सोसायटीतल्या रिकाम्या डब्यांची उतरंड. आईने पाण्याचा पेला पुढे केला.

"नहीं आई, रोजा है."

तेव्हा रमजान सुरू होता. "अगं बाई, तुझाही उपास?" आई म्हणाली. "काय गुणाची पोरं आहेत रे तुम्ही!"

उस्मानला बोलायला एवढं पुरलं. "आई, आपकी वो सफेद मोतीवाली खिचडी! रोज शाम को उसी से रोजा खोलता हूँ. और वो दही! और वो छोटे लड्डू! सच बोलूँ, घर से ज्यादा खाया इस रमजान में."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. "तू खातोस? मग तेसफाये काय खातो?"

आपण भलतंच बोलून बसलो हे उस्मानच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने डब्यांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "पाव," तो शेवटी म्हणाला. "काली चाय. कभी केला."

दुसऱ्या दिवशी तेसफायेला बोलावणं गेलं. तो आला आणि गुन्हेगारासारखा भिंतीशी उभा राहिला. आईने उलटतपासणी घेतली. दूध? चालत नाही. दही, ताक, लोणी? नाही. तूप? प्रत्येक शब्दाला त्याची मान जरा जास्त खाली. त्यांच्या उपासाला दुधातुपाचं, अंड्याचं, मासामटणाचं काहीच चालत नाही.

"मग चालतं तरी काय?"

"डाळ, आई. चपाती. भात. भाजी, तेल में. कांदा."

आई मटकन खाली बसली. "अरे, त्याला जेवण म्हणतात!"

म्हणजे गेले कितीतरी दिवस आम्ही सगळी सोसायटी मिळून, अतिशय प्रेमाने, नेमकं त्याला न चालणारं तेवढंच हुडकून त्याच्या घशाखाली घालायला बघत होतो. आणि जे चालतं ते, उपास आहे ना त्याचा, म्हणून त्याच्या पुढ्यातून उचलत होतो. मला हसू आवरेना. आईला रडू.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

त्याने शर्टाची सैल कॉलर नीट केली. मग हळूच म्हणाला, "आई, मी इथिओपियाचा. मी अन्नाला नको कसं म्हणू? टीव्हीवर बघितलं ना तुम्ही आमचं?"

बघितलं होतं. त्या वर्षांत इथिओपिया म्हटलं की टीव्हीवर एकच चित्र यायचं. हाडांचे सापळे झालेली मुलं, डोळ्यांवर माश्या. सोसायटीतल्या प्रत्येक घराने ते पाहिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, प्रत्येक डब्यात साबुदाण्याबरोबर ते चित्रही थोडंसं भरलेलं असायचं.

"सबने मेरा मुल्क भूखा ही देखा है," तो म्हणाला. "जेवताना कुणीच नाही बघितला."

आणि मग आजवर कधी न बोललेलं तो बोलला. उपास संपतो तो दिवस म्हणजे फासिका. पहाटे कोंबडा आरवला की सगळं घर एका मोठ्या थाळीभोवती बसतं. थाळीत इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची पातळ, मऊ, जाळीदार पोळी, चाकाएवढी. त्यावर लाल रश्शातली कोंबडी आणि उकडलेली अंडी. गेल्या वर्षी तो खोलीत एकटा बसून पाव आणि ऑम्लेट खाऊन मोकळा झाला होता. त्याच्या मते ते उपास सोडणं नव्हतं, नुसतं खाणं होतं. ही परीक्षा झाली की तो परत जाणार होता. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, आम्ही सगळ्यांनी त्याच्या देशाला जेवताना बघावं एवढं त्याच्या मनात होतं. पण इंजेरा कशी करतात हे त्याला माहीत नव्हतं. ती ज्या धान्याची करतात ते इथे मिळत नव्हतं. आणि आईला तो हे कधीच बोलला नसता.

आईने पदराने डोळे पुसले आणि पदर खोचला. "ठरलं तर मग," ती म्हणाली.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवलं तरी अंगावर आनंदाचा काटा येतो. सोसायटीत फर्मान सुटलं की तेसफायेच्या डब्याला दुधातुपाचा हात लागू द्यायचा नाही. मसूर, मूग, मटकी, वाल, सगळं तेलावर. तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकू मूळच्या चिखलोलीच्या, आगरी. त्यांना उपासाची ही तऱ्हा ऐकून धक्काच बसला. "काय सांगतंस वैनी! कांदा चालतं, लसून चालतं, आमटी चालतं? मंग मी तं जल्मभर उपाशीच हाय!" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच वालाचं बिरडं पाठवलं, आणि तेसफायेने ते बोटं चाटून संपवलं.

त्याच सुमाराला मसाल्याचे दिवस. गच्चीवर चादरींवर मिरच्या वाळत घातलेल्या, संकेश्वरी, बेडगी. खाली म्हात्रेकाकू मोठ्या कढईत धणे, लवंग, दगडफूल भाजत होत्या आणि आख्खी सोसायटी शिंकत होती. तेसफाये माझ्याबरोबर अभ्यासाला आलेला. जिना चढता चढता मधल्या मजल्यावर थांबला. कठड्याला धरून डोळे मिटले. मला वाटलं, उपासाने चक्कर आली. मी हाक मारली तर डोळे न उघडता म्हणाला, "बरबरे." तो त्यांच्याकडचा तिखट मसाला, तिकडे घरोघरी असाच भाजतात. मग धाडधाड खाली उतरला आणि काकूंच्या कढईपुढे उकिडवा बसून एकेक पदार्थ उचलून हुंगायला लागला. हा आहे, हाही आहे, हा नाही, हा थोडा जास्त. काकू आधी बिचकल्या, मग फुशारून मला म्हणाल्या, "बघ गो नंदे, माझा मसाला पार आफ्रिकेपत्तोर ठावं हाय!" कोंबडीचं खातं तिथल्या तिथे त्यांच्याकडे गेलं. आमच्या शाकाहारी घरात ते शिजणं शक्यच नव्हतं.

इंजेरा मात्र आईने स्वतःकडे घेतली. तेसफाये म्हणाला, गरीब घरांत ती ज्वारीचीही करतात. आईला आंबोळी यायची, ती म्हणाली, त्यात काय एवढं. आणि पहिली इंजेरा बिड्याच्या तव्याला अशी चिकटली की ती उलथन्याने खरवडून काढावी लागली. दुसरी वाळल्यावर खापरीसारखी तडकली. तिसरी आम्ही गाईला दिली आणि गाईने हुंगून सोडली. तेसफाये सांगायचा, वरून डोळे पडले पाहिजेत. "जाळी म्हण की," आई म्हणायची. डोळे काही पडत नव्हते. मी शास्त्रज्ञ म्हणून मध्ये तोंड घातलं, लॅबमधून पीएच पेपर आणून पिठात बुडवला, तापमान लिहून ठेवलं. आईने तो कागद चिमटीत धरून केराच्या डब्यात टाकला. "माझ्या पिठात कागद बुडवायचे नाहीत."

आणि हे सगळं चालू असताना आमची परीक्षाही चालू होती, हो. एक पेपर, मग सुट्टी, मग पेपर. गच्चीच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही दोघं पाठ करत बसायचो. वारा औद्योगिक वसाहतीकडून आला की नाकाला झोंबायचा, डोंगराकडून आला की कुठूनसा करवंदांचा आंबटपणा घेऊन यायचा, आणि घरातून सारखा तो आंबलेला वास. माझ्या नोट्सना तो लागला, ओढण्यांना लागला. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या मागची मुलगी सारखी खिडक्या उघडायला सांगत होती.

शेवटचा पेपर शनिवारी होता आणि फासिका रविवारी. शुक्रवारी संध्याकाळी आई हरली. एप्रिलच्या उकाड्यात पीठ नको इतकं आंबलं होतं, तव्यावर टाकलं की तुकडे पडत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मला नाही जमत रे, बाळा." तेसफाये म्हणाला, चालेल आई, चपाती पण चालेल. पण त्याच्या तोंडाकडे बघवेना. त्याला पुन्हा एकदा अन्नाला नको म्हणता येत नव्हतं.

त्या वेळी आई बाबांच्या भाकरीसाठी पीठ मळायला बसली. ज्वारीची भाकरी थापताना तुटू नये म्हणून आधी उकळत्या पाण्यात थोडं पीठ घोटून त्याची उकड काढतात. सवयीने तिने पातेल्यात पाणी ठेवलं, पीठ घातलं, रवी फिरवायला लागली. तेसफाये दारातून बघत होता. एकदम ओरडला. होय, ओरडला, तो तेसफाये, ज्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नसे! "आई! हे! माझी आई हे करते! छोट्या भांड्यात! मी जवळ गेलो की मला हाकलते!" लहानपणी बघितलेलं, कधी अर्थ न कळलेलं, ते त्याला भाकरीच्या उकडीने आठवलं. आईची रवी थांबली. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आंबलेल्या पिठाच्या पातेल्याकडे. मग ती उकड गार केली आणि त्या पिठात ओतून घोटली, वर झाकण ठेवलं. बाबांना त्या रात्री भात मिळाला.

शनिवारी मी पेपर देऊन धावतपळत घरी आले. तव्यावर पातळ पीठ गोल फिरवलेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यावर एक भोक पडलं, मग दुसरं, मग पावसाचे थेंब धुळीत पडावेत तशी भराभर सगळीकडे. आईने वर झाकण ठेवलं, काढलं, आणि कडेने अलगद सोडवली. मऊ, अखंड, डोळेच डोळे. तेसफाये आईच्या पाया पडला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी पहाटे अंधारातच सगळी गच्चीवर जमली. लालवानी मॅडम आदल्या संध्याकाळीच कोकीची, त्या सिंधी रोट्यांची, चळत घेऊन मुक्कामाला आलेल्या. उस्मान तर हवाच होता, कारण त्याचा रोजा उजाडायच्या आत सुरू व्हायचा आणि तेसफायेचा उपास कोंबडा आरवल्यावर सुटायचा. एकाचा संपणार, दुसऱ्याचा लागणार, आणि मध्ये जो काय थोडा वेळ मिळेल त्यात दोघांनी एका थाळीत जेवायचं असा बेत. घड्याळं कुणी विचारात घेतली नव्हती. सगळी भिस्त म्हात्रेकाकूंनी चिखलोलीहून मुद्दाम आणलेल्या कोंबड्यावर.

मधोमध आमची कुरडयांची मोठी परात, तीत इंजेरा पसरलेली. एका बाजूला काकूंची लालभडक कोंबडी आणि अंडी, एका बाजूला मसुराची आमटी. आणि मध्ये आईने कालच कढवलेलं तूप, कारण आजपासून तूप चालणार होतं! तिने इतक्या दिवसांचा राग काढल्यासारखं ते ओतलं होतं. सगळे गोल बसले. कोंबडा आरवेना.

थांबलो. पूर्वेला फिकट व्हायच्या बेताला आलं. उस्मान सारखा आभाळाकडे बघतोय. "अरे भाई, खा ले ना, मेरा टाइम जा रहा है!" तेसफाये मान हलवतोय. कोंबडा आरवल्याशिवाय नाही. आमची नुसती धडधड. एवढा खटाटोप केला आणि आता एक कोंबडा रुसून बसला होता. शेवटी बाबांनी विचारलं, "काकू, पण कोंबडा आहे कुठे?"

"हा काय," काकू म्हणाल्या. "पलून जाल म्हनून डालग्याखाली झाकलाय."

अशी हसली सगळी गच्ची! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. त्या पहाटे आमचं तांबडं खरोखरच कोंबड्यापायी अडून राहिलं होतं. काकूंनी डालगं उचललं. कोंबड्याने पंख झाडले, आमच्याकडे तुच्छतेने बघितलं, कठड्यावर उडी मारली आणि मान ताणून असा आरवला की खालच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली.

"आता!" उस्मान ओरडला, आणि अंड्यावर तुटून पडला.

तेसफायेने मात्र स्वतः खाल्लं नाही. त्याने इंजेराचा तुकडा तोडला, त्यात मसूर आणि तूप घेतलं, नीट गुंडाळलं आणि उठून आईसमोर गुडघ्यांवर बसला. "गुर्शा," तो म्हणाला. ज्याच्यावर माया आहे त्याला आपल्या हाताने घास भरवायचा, ही त्यांची रीत. "तोंड उघडा, आई."

"मला काय भरवतोस? मी काय नवरी आहे?" आई लाजून लाल झाली, आणि तिने तोंड उघडलं.

मी बघत होते. मला भरवणारी, बाबांच्या आजारपणात त्यांना भरवणारी, पाहुण्यांच्या पोरांना चिऊकाऊचे घास देणारी माझी आई. तिला कुणी भरवताना मी कधी बघितलं होतं? कधीच नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती चावत होती. लालवानी मॅडम माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. "देखो," त्या हळूच म्हणाल्या. "अम्मा यही पूछती थी."

तेसफायेने दुसरा घास दिला. एक भरवून थांबत नाहीत, तो म्हणाला, तीन द्यायचे, तीन झाले की माया पक्की. तिसरा दिला आणि हात मागे घेतला. आईने भरल्या तोंडाने बोट वर केलं.

"तीन? तीन नाही वाढत आमच्यात! चौथा दे."

मग काय, सगळ्यांनी सगळ्यांना भरवलं. कोंबडी आई आणि उस्मान दोघांनीही घेतली नाही, आपापल्या कारणांनी; त्याला ती हलाल केलेली हवी होती. बाबांनी घेतली आणि आईने ते न बघितल्यासारखं केलं. उजाडायच्या आत उस्मान शेवटचं पाणी प्यायला, तेसफायेने पहिला घास खाल्ला, आणि परात रिकामी झाली. म्हात्रेकाकू तेसफायेच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तुझा मुलूख खातं चांगला रं!" त्याहून मोठं प्रशस्तिपत्र त्याने आयुष्यात मिळवलं असेल तर मला माहीत नाही.

तो पास झाला, मीही झाले. तो परत गेला. काही वर्षं फासिकाच्या सुमाराला त्याचं कार्ड यायचं. मग तिकडे उलथापालथ झाली, इकडे आम्ही बदलापूरला आलो, पत्ते सुटले. मला फारसं वाईट वाटत नाही. टीव्हीवर त्याचा देश पुन्हा कधी दिसला तर माझ्या डोळ्यांसमोर मात्र एक उंच मुलगा दिसतो, गुडघ्यांवर बसलेला, हातात घास घेतलेला.

आज सकाळी पीठ फुगून झाकणाला टेकलं. उकड घालायला मी विसरले नाही. डोळे छान पडले. मसुराची आमटी केली, वर तूप, आणि ताट घेऊन आईपुढे बसले. पहिला घास तिने निमूट खाल्ला. दुसरा खाताना जरा थांबली, जिभेवर घोळवला. तिसरा झाला आणि तिने नेहमीप्रमाणे ओठ मिटून तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी घास हातात तसाच धरून म्हटलं, "तीन नाही वाढत आमच्यात."

ती वळली. प्लास्टरमधला हात मांडीवर नीट घेतला, माझ्याकडे रोखून बघितलं, आणि डोळे पाण्याने भरलेले असताना नेहमीच्या खेकसण्याच्या सुरात म्हणाली,

"मग बघत काय बसलीस? चौथा दे."